विरजण कोण लावणार?

जून २०२५ मध्ये मुंबईत एक कार्यक्रम झाला आणि पेपरांत पाच नावं झळकली. ब्रिटनमधली यॉर्क आणि अ‍ॅबरडीन ही विद्यापीठं, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठ, अमेरिकेची इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि डिझाइन शिकवणारी इटलीची आयईडी. नवी मुंबईत विमानतळाजवळ शिक्षणनगरी उभी राहायची आहे, तिथं यायची इरादापत्रं त्यांना मिळाली. गुजरातच्या गिफ्ट सिटीत डीकिन आणि वोलाँगाँग ही ऑस्ट्रेलियन विद्यापीठं आधीच येऊन बसली होती, गुरुग्रामला ब्रिटनचं साउदम्प्टन यायच्या बेतात होतं.

त्यानंतर घराघरांत चर्चा झाली ती फी किती पडणार, डिग्री कुठली धरणार आणि नोकरी लागणार का, याची. रास्तच आहे. लाखांनी पैसे मोजायचे तर हे विचारलंच पाहिजे. पण अशा संस्थांच्या माहितीपत्रकात आणखी एक आश्वासन हमखास असतं आणि त्यावरून सगळ्यांची नजर नुसती घसरत जाते. इथं विद्यार्थी जागतिक वातावरणात घडेल, वेगवेगळ्या देशांतल्या माणसांबरोबर काम करायला शिकेल, अशा अर्थाचं. ते शिकणं म्हणजे नेमकं काय? ते आपोआप होतं की कुणी शिकवावं लागतं? फीच्या आकड्याइतकाच हाही प्रश्न पैशांचा आहे, कारण आपण पैसे त्याचेही मोजत असतो.

आधी दोन जड शब्द

पहिला शब्द आंतरराष्ट्रीयीकरण. कॅनडातल्या अभ्यासक जेन नाइट यांनी २००३ मध्ये त्याची जी व्याख्या मांडली ती आज बहुतेक ठिकाणी वापरतात. उच्च शिक्षणाचा हेतू, त्याचा कारभार आणि प्रत्यक्ष शिकवणं, या सगळ्यांत देशाबाहेरचा आणि संस्कृती-संस्कृतींमधला विचार मुरवत नेण्याची प्रक्रिया, असा तिचा मथितार्थ. म्हणजे परदेशी विद्यापीठाशी करार केला, शाल-श्रीफळ दिलं, फोटो छापून आणला, एवढ्यानं ते होत नाही. अभ्यासक्रमापासून मेसच्या ताटापर्यंत आणि परीक्षेच्या पद्धतीपासून कार्यालयातल्या खिडकीपर्यंत काहीतरी हललं पाहिजे.

दुसरा शब्द आंतरसांस्कृतिक क्षमता. हा आणखी जड, पण आतली गोष्ट सोपी आहे. अमेरिकी अभ्यासक डार्ला डिअरडॉर्फ यांनी २३ तज्ज्ञांना पुन्हा पुन्हा प्रश्न विचारून त्यांचं एकमत कशावर होतं ते २००६ मध्ये मांडलं. त्याचा गाभा असा, की वेगळ्या पार्श्वभूमीच्या माणसाशी वागताना दोन गोष्टी एकाच वेळी साधल्या पाहिजेत. आपलं काम झालं पाहिजे आणि आपलं वागणं समोरच्यालाही योग्य वाटलं पाहिजे.

भाजीवालीशी घासाघीस करून दहाची जुडी पाचाला आणली, पण ती म्हणाली, "उद्यापासून दुसरीकडं बघा ताई," तर पहिली अट पुरी झाली, दुसरी नाही. काहीच न बोलता तिनं दिलेले मऊ टोमॅटो घेऊन आलात, तर दुसरी झाली, पहिली बुडाली. दोन्ही जमणारी माणसं असतात. त्यांच्याकडे हातोटी असते. पुढं या लेखात मी 'हातोटी' हाच शब्द वापरणार आहे, कारण दहा अक्षरी जोडशब्द वाचून कुणी काही शिकल्याचं मला आठवत नाही.

डिअरडॉर्फ यांच्या मांडणीत या हातोटीच्या तळाशी माहिती नाही, वृत्ती आहे: आदर, मोकळं मन, कुतूहल. त्यावर माहिती चढते, ऐकण्या-पाहण्याची कौशल्यं चढतात. उलट्या क्रमानं फारसं काही होत नाही. जपानबद्दलची दहा पुस्तकं वाचलेला माणूस जपानी माणसाशी बोलताना सतत घड्याळ बघत असेल, तर वाचन फुकट.

आणि इथं संस्कृती म्हणजे लेझीम, नऊवारी आणि पुरणपोळी नव्हे. ती दुकानाच्या काचेतली संस्कृती. आतल्या मालाचा काचेतून पत्ता लागत नाही. 'नाही' कसं म्हणायचं, उशीर म्हणजे किती मिनिटं, गुरुजनांना नावानं हाक मारायची का, गप्प बसणं हा मान की अपमान, हा तो माल. आपण घरातून निघताना "येतो" म्हणतो. "जातो" म्हटलं तर आजी रागावते. मराठी नुकतीच शिकलेला परदेशी पाहुणा ते ऐकून पाच मिनिटं दारात उभा राहील, हा आत्ता येतोय म्हणून. आपण "बघू" म्हणतो आणि ऐकणाऱ्या मराठी माणसाला कळतं की नकार मिळाला. परदेशी माणूस वहीत लिहून ठेवतो: उद्या पुन्हा विचारणे.

दिसलं किती आणि भरलं किती

समजा, पुण्यातल्या एका कॉलेजात चौघांचा गट आहे. जर्मनीहून एका सत्रासाठी आलेला लुकास, काठमांडूची सृजना, परभणीचा संतोष आणि पुण्यातलीच ईशा. दहाला भेटायचं ठरलं. लुकास दहाला पाच कमी असताना हजर. ईशा दहा वीसला आली, हसत, सगळ्यांसाठी वडापाव घेऊन. संतोष तासभर एक शब्द बोलला नाही. सृजनानं लिहिलेला भाग वाचून लुकास म्हणाला, "हे चुकलंय, पुन्हा लिहावं लागेल." सृजनानं हसून मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही.

आता चौघांच्या मनात काय आहे? लुकासच्या मते ईशा बेफिकीर आहे आणि संतोषनं अभ्यास केलेला नाही. ईशाच्या मते लुकास उद्धट आहे. चारचौघांत असं तोंडावर कुणी बोलतं का? संतोषला वाटतंय, कुणी विचारलं तर बोलेन ना, मध्येच तोंड कसं घालायचं, त्यात इंग्रजीतून. सृजनाचा तर विषयच संपलाय.

कुणी वाईट माणूस नाही. प्रत्येकानं थोडं पाहिलं आणि उरलेलं स्वतःच्या घरच्या हिशेबानं भरून काढलं. अशा प्रसंगांसाठी अमेरिकेतल्या प्रशिक्षकांनी १९७० च्या दशकात एक साधा व्यायाम रूढ केला. तीन रकाने पाडायचे. पहिल्यात फक्त काय दिसलं ते: संतोष साठ मिनिटं बोलला नाही. दुसऱ्यात त्याचा अर्थ काय असू शकेल ते, आणि इथं एकावर थांबायचं नाही, निदान तीन अर्थ लिहायचे: अभ्यास नाही, भाषेचा संकोच आहे, बोलावण्याची वाट बघतोय. तिसऱ्यात मला त्याचं काय वाटलं ते: राग आला. पोरखेळ वाटतो, पण स्वतः करून बघा. पहिल्या रकान्यात आपण सर्रास "तो उर्मट बोलला" असं लिहून मोकळे होतो. उर्मटपणा दिसत नसतो. आवाज दिसतो, शब्द ऐकू येतात, उर्मटपणा आपण लावतो.

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी यातला एक धागा १९७६ मध्ये नीट उलगडला. काही ठिकाणी बोलण्याचा बहुतेक अर्थ शब्दांतच असतो. काही ठिकाणी तो शब्दांच्या आजूबाजूला असतो, म्हणजे कोण बोललं, कुणासमोर, किती वेळ थांबून. लुकासला शब्द पुरतात. सृजनाला शब्दांबरोबर माणसं दिसतात. मात्र एक लगेच सांगून टाकतो: ही देशांची जात नव्हे. "जोरात बेल वाजवू नये, आम्ही बहिरे नाही" छापाची पाटी दारावर लावणारे आणि "बघू" म्हणून नकार देणारे एकाच वाड्यात राहतात.

एकत्र ठेवलं की आपोआप होतंच की!

ही सगळ्यात मोठी समजूत, आणि बहुतेक संस्था तिच्यावरच चालतात. परदेशी मुलं आणा, आपली मुलं तिकडं पाठवा, उरलेलं तरुण वय बघून घेईल.

दूध तसंच ओट्यावर ठेवलं तर कधी कधी दही लागतंही, विशेषतः उन्हाळ्यात. पण त्या भरवशावर कुणी श्रीखंडाचा बेत करत नाही. दूध कोमट हवं, विरजण हवं, झाकून ठेवायला हवं आणि मध्ये मध्ये ढवळायचं नाही. नाहीतर नासतं.

माणसांच्या विरजणाच्या अटी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये लिहून ठेवल्या. दोन गट एकमेकांजवळ आले तर पूर्वग्रह कमी होतात, पण त्यांना बरोबरीचं स्थान असेल, गाठायचं ठिकाण एक असेल, ते गाठायला एकमेकांची गरज असेल आणि वरच्या माणसांचा त्याला उघड पाठिंबा असेल, तेव्हा. पुढं २००६ मध्ये पाचशेहून अधिक अभ्यास एकत्र करून तपासले गेले. त्यात दिसलं की या अटी पुऱ्या नसल्या तरी सहवासानं सहसा थोडा फायदा होतोच, अटी असतील तिथं तो जास्त होतो. ऑलपोर्ट थोडे जास्त कडक होते म्हणा ना. पण पूर्वग्रह उतरणं ही एक गोष्ट आणि हातोटी येणं ही दुसरी. पोहणाऱ्यांबद्दल मनात अढी नाही, म्हणून पोहता येत नाही.

परदेशात शिकायला गेलेल्या मुलांबाबत याचा चांगला पुरावा आहे. अमेरिकेतून बाहेर गेलेल्या सुमारे तेराशे विद्यार्थ्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसतं तिथं सोडून दिलेल्या मुलांची प्रगती बेताचीच होती. जिथं मुक्कामावर एक जाणता माणूस होता, जो अधूनमधून बसवून विचारायचा की आज काय खटकलं आणि का, तिथली मुलं पुढं गेली. आपल्या मुलांचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, चीनपेक्षाही जास्त. त्यातली बरीच मुलं चार तेलुगू-मराठी रूममेट, एक कुकर आणि इंडियन स्टोअर यांत दोन वर्षं काढून येतात. त्यांना नावं ठेवायचा हेतू नाही. परक्या गावात आधी माणूस आपला माणूस शोधतो. मुद्दा एवढाच की त्या कुकरला विद्यापीठानं कधी जागतिक वातावरण म्हणू नये.

पुण्याला हे फार आधी कळलं होतं. फर्ग्युसन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे शां. ब. मुजुमदार तिथल्या वसतिगृहाचे रेक्टर होते. एक मुलगी वसतिगृहाच्या खिडकीतून एका मुलाला काहीतरी देते, असं त्यांना दिसलं. संशय येण्यासारखाच देखावा. चौकशी केल्यावर कळलं की मुलगा मॉरिशसचा, काविळीनं आजारी, आणि मुलीला आत यायची परवानगी नसल्यामुळं ती बाहेरून डबा देत होती. तीन रकान्यांचा व्यायाम याहून चांगला कुठं सापडणार? परदेशी आणि इथल्या विद्यार्थ्यांनी एकमेकांत यावं म्हणून त्यांनी १९७१ मध्ये संस्था काढली आणि तिला आपल्या विषयातलं नाव दिलं, सिम्बायोसिस, म्हणजे सहजीवन. याचं उदाहरण तुमच्या गोड्या मसाल्यात आहे. दगडफूल हे एक जीव नव्हे. बुरशी आणि शैवाल एकमेकांच्या आधारानं राहतात तेव्हा दगडफूल होतं.

आज मात्र कित्येक ठिकाणी परदेशी मुलांची इमारत वेगळी, मेस वेगळी, कार्यालयही वेगळं असतं. सोय म्हणून ठीक. पण मग तेल तेलाच्या जागी आणि पाणी पाण्याच्या जागी राहिलं, याचं आश्चर्य वाटून घेऊ नये.

"जसा देश तसा वेश, एवढंच ना?"

एवढंच असतं तर काम सोपं होतं. पण नक्कल आणि हातोटी यांत फरक आहे, आणि तो सांगायला आपल्याकडेच एक मुलगी होऊन गेली.

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीनं अमेरिकेला निघाल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. जाण्याआधी काही वर्षं न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार चालला होता. नुसत्या खुशालीची पत्रं नव्हती ती; चालीरीती, धर्म, खाणंपिणं, सगळं त्यात यायचं. आजच्या भाषेत हीच प्रस्थानपूर्व तयारी, फक्त अर्ध्या दिवसाच्या व्याख्यानात न उरकलेली. तिथं गेल्यावर त्यांनी साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही. फिलाडेल्फियाच्या थंडीनं त्यांचे हाल झाले आणि प्रकृती ढासळली, हेही खरं. पण १८८६ मध्ये पदवीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला तो हिंदूंमधल्या प्रसूतिविद्येवर. पाश्चात्त्य वैद्यक शिकता शिकता त्यांनी आपल्याकडचं ज्ञान तिथल्या टेबलावर मांडलं. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्या वारल्या, तेव्हा त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली आणि त्या कुटुंबाच्या दफनभूमीत तिला जागा मिळाली.

वेश बदललाच पाहिजे असं नाही. काय सोडायचं, काय धरायचं आणि का, हे कळून ठरवता यावं लागतं. समोरच्या कार्पेंटरबाईही बदलल्या, हे विसरायचं नाही.

"मग सरळ तक्ताच द्या की"

जपानी माणसाला कसं वाकून भेटायचं, अरबाला कुठला हात पुढं करायचा नाही, जर्मनाकडं किती वाजता जायचं. असे तक्ते विकले जातात आणि प्रशिक्षणाच्या नावाखाली शिकवलेही जातात.

त्यांच्यामागं खरं संशोधन आहे. डच अभ्यासक गेर्ट हॉफस्टेडे यांनी आयबीएम कंपनीच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्या तपासल्या आणि देशादेशांना गुण दिले: वरिष्ठांपुढं किती झुकतात, एकट्याचा विचार जास्त की गटाचा, वगैरे. पण सरासरी ती सरासरी. पुण्यात वर्षाला सरासरी किती पाऊस पडतो ते पाठ असलं, तरी आज छत्री न्यायची का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी आभाळाकडं बघावं लागतं. तक्ता वाचून गेलेला माणूस समोरच्याकडं बघणंच थांबवतो. आपल्या आज्या-पणज्या व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणायच्या, आणि त्यांनी एकही प्रश्नावली भरून घेतली नव्हती.

"आमची मुलगी कुठं परदेशी जातेय?"

जात नसेल. बहुतेकांची जात नाही. स्वीडनमधल्या माल्मो शहरात १९९८ मध्ये नवं विद्यापीठ उघडलं तेव्हा हीच अडचण होती. नवी संस्था, परदेशी विद्यापीठांशी ओळखी नाहीत, मुलांना पाठवणार कुठं? तिथले बेंग्ट निल्सन यांनी शहराकडं पाहिलं. गावात जगभरातून आलेली स्थलांतरित कुटुंबं राहत होती. त्यांनी १९९९ मध्ये कल्पना मांडली, घरच्या घरी आंतरराष्ट्रीयीकरण. विद्यार्थ्यांना शेजारच्या स्थलांतरित मुलांशी जोडून द्या, अभ्यासक्रमात जग आणा, विमानाचं तिकीट नाही म्हणून थांबू नका.

आपल्याकडं हे आणखी लागू आहे. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत देशभरात ४६,८७८ परदेशी विद्यार्थी होते, एकूण सव्वाचार कोटींहून अधिक विद्यार्थ्यांमध्ये. हजारात जेमतेम एक, आणि त्यातला चौथा हिस्सा नेपाळचाच. त्यांच्यावर विसंबून आपला वर्ग जागतिक व्हायची वाट बघितली तर सात पिढ्या जातील.

पण वर्गात बघा ना. मराठवाड्यातून आलेला मुलगा "पानी" म्हणतो आणि मागच्या बाकावरून हशा उठतो. तो मुलगा पुढचे तीन महिने तोंड उघडत नाही. मग शिक्षक म्हणतात, ग्रामीण मुलांत आत्मविश्वास कमी. संतोष गप्प का होता, याचं एक उत्तर लुकासपाशी नाही, ईशापाशी आहे. 'पानी'ला हसणारी मुलगी अ‍ॅबरडीनला गेली, की तिथल्या स्कॉटिश उच्चारापुढं स्वतः तीन महिने गप्प बसेल, आणि तेव्हा तिला कुणी हसू नये असं तिला फार वाटेल. हातोटीची तालीम घरच्या आखाड्यात होते. ईशान्येतल्या मुलीला "चायनीज का?" असं विचारायचं नाही, हे ज्याला कळलं नाही, त्याला पासपोर्टनं काय शिकवायचं?

जुळवून घ्यायचं कुणी?

इथं माझा जीव सगळ्यात जास्त अडकतो. आपण परदेशी विद्यार्थ्याला नव्या सुनेसारखं वागवतो. तिनं घरच्या रीती शिकायच्या, कुठला डबा कुठं ठेवायचा ते पाठ करायचं, तिखट झेपत नसलं तरी हसून खायचं. घरातल्या एकानंही तिच्या माहेरची रीत कधी विचारायची नाही. वर पुन्हा, आमच्याकडं सुनेला मुलीसारखं ठेवतात!

पाहुण्याच्या जागी आपण असतो तेव्हा हे लगेच कळतं. २००९ मध्ये मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, मोर्चे निघाले, आपले पेपर पेटून उठले. २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात अफवा पसरून जमावानं नायजेरियन विद्यार्थ्यांना मारहाण केली, तेव्हा आपल्याकडं तेवढी आग दिसली नाही. आफ्रिकी मुलांना घर भाड्यानं मिळताना काय काय ऐकून घ्यावं लागतं, ते कुठल्याही मोठ्या शहरातल्या एजंटाला विचारा.

आणि आपण जाताना सामानात काय नेतो? कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी या तेव्हा २३ शाखा असलेल्या विद्यापीठानं जानेवारी २०२२ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात 'जात' हा शब्द घातला. अमेरिकेतल्या विद्यापीठाला तो शब्द का शिकावा लागला, याचा विचार करताना लोणच्याची बरणी आठवते. झाकण कितीही घट्ट लावा, बॅगेला वास लागतोच. वेगळ्या देशाच्या माणसाशी गोड वागणारा, पण आपल्याच देशाच्या सहाध्यायाचं आडनाव विचारून अंतर ठरवणारा विद्यार्थी, या हातोटीत नापास आहे.

वर्गात करायचं तरी काय

सिलॅबसच पुरा होत नाही, त्यात हे नवीन कुठं, असं प्राध्यापक म्हणतील. त्यांची अडचण खरी आहे. पण हा वेगळा विषय काढून शिकवायचा नाहीच. तसं केलं तर मूल्यशिक्षणाच्या तासाचं जे झालं तेच होईल: त्या तासाला गणिताची गृहपाठ-तपासणी. हे आहे त्याच विषयात मिसळायचं. आर्किटेक्चरच्या मुलांना स्वयंपाकघर आखायला द्या. एका गटाला खाली बसून स्वयंपाक करणारी आजी, दुसऱ्याला शाकाहारी-मांसाहारी भांडी वेगळी ठेवणारं घर, तिसऱ्याला ओव्हनशिवाय पान न हलणारं. नर्सिंगच्या मुलींना विचारा, वेदना झाल्यावर ओरडणारा रुग्ण आणि दात आवळून गप्प राहणारा रुग्ण, यातला कुणाला जास्त दुखतंय? विषय तोच राहतो, प्रश्न बदलतो.

दुसरं, गट शिक्षकानं पाडायचे. मुलांवर सोडलं की सांगलीचे सांगलीत आणि दिल्लीचे दिल्लीत. गट पाडून झाल्यावर कामाची रचना अशी हवी की एकट्यानं ते होऊच नये. संतोषकडची माहिती नसेल तर ईशाचा भाग अडला पाहिजे. बैठकीत सगळ्यांत आधी कोण बोलणार, ते पाळीनं ठरवायचं. एवढ्या एका नियमानं गप्प मुलं बोलती होतात, कारण त्यांना आता मध्येच तोंड घालायचं नसतं.

तिसरं म्हणजे गोष्टींचं वर्तुळ. डिअरडॉर्फ यांनीच युनेस्कोसाठी ते बसवलं आणि बँकॉक, हरारे, ट्युनिस अशा शहरांत करून पाहिलं. पाच-सहा जणांनी गोल बसायचं. प्रश्न साधा असतो, जसं की तुमच्या नावामागची गोष्ट काय. प्रत्येकानं दोन-तीन मिनिटं बोलायचं आणि इतरांनी अजिबात मध्ये पडायचं नाही, "अरे माझंही असंच" हेसुद्धा नाही. सगळ्यांचं झालं की प्रत्येकाच्या गोष्टीतलं काय लक्षात राहिलं, ते इतरांनी एकेका वाक्यात सांगायचं. आपल्या कट्ट्याशी तुलना करून बघा. कट्ट्यावर सगळे बोलतात, पण ऐकण्याची पाळी कुणाची येतच नाही.

परदेशी मुलं नसतील तर पडद्यावरून वर्ग जोडता येतो. न्यूयॉर्कच्या राज्य विद्यापीठानं २००६ मध्ये त्यासाठी केंद्रच काढलं: दोन देशांतल्या दोन वर्गांनी काही आठवडे एकच प्रकल्प मिळून करायचा. खर्च नगण्य. वेळेचा फरक, अडकणारं इंटरनेट आणि "त्यांनी मेलला उत्तरच दिलं नाही" हे सगळं डोकेदुखीसकट येतं, आणि शिकणं त्या डोकेदुखीतच असतं, फक्त नंतर कुणीतरी बसून ती उलगडायला हवी.

ते कुणीतरी म्हणजे शिक्षक, आणि त्यांना हे कुणीच शिकवलेलं नसतं. कार्यालयातल्या खिडकीमागच्या माणसाला तर नाहीच. परदेशी विद्यार्थ्याचं पहिलं विद्यापीठ तीच खिडकी असते.

याला मार्क कसे देणार?

इथं मी साशंक आहे. प्रश्नावल्या आहेत, पण "मी इतर संस्कृतींचा आदर करतो" या विधानापुढं 'असहमत' अशी खूण कोण करेल?

अमेरिकेच्या मिल्टन बेनेट यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या सहा पायऱ्या मात्र शिक्षकानं डोक्यात ठेवण्यासारख्या आहेत. आधी फरक दिसतच नाही. मग दिसतो, पण आपलं चांगलं आणि त्यांचं वाईट, असा. तिसऱ्या पायरीवर माणूस म्हणतो, शेवटी आपण सगळे सारखेच. आपल्याला वाटतं पोचला हा. बेनेट म्हणतात, नाही, अर्ध्या वाटेवर आहे. कारण 'सगळे सारखे' म्हणणारा बहुधा 'सगळे माझ्यासारखे' असं म्हणत असतो. पुढं फरक मान्य करणं, त्याप्रमाणं वागणं बदलता येणं आणि शेवटी एकाहून जास्त रीतींत सहज वावरता येणं, या तीन पायऱ्या उरतात. कित्येक स्नेहसंमेलनांची भाषणं तिसऱ्या पायरीवरच संपतात.

मी वृत्तीला गुण देणार नाही. मुलांना आठवड्याला एक पान लिहायला सांगेन: काय दिसलं, काय अर्थ लावला, नंतर तो कसा बदलला. आणि त्या विचाराला गुण देईन. मराठीत लिहून घेतलं तर एक फायदा फुकट मिळतो. आपल्या भाषेत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवायचं की आत घ्यायचं, ते आपल्याला बोलतानाच ठरवावं लागतं. इंग्रजीत एका शब्दात दोन्ही लपतं. संतोषच्या वहीत सत्राच्या सुरुवातीला "आम्ही आणि ते लोक" असेल. पुढं कुठल्या आठवड्यात तिथं "आपल्या गटानं" येतं, ते बघायचं. येईलच असं नाही.

"हे सगळं तिकडचंच नाही का?"

बऱ्याच अंशी हो. डिअरडॉर्फ यांचे ते २३ तज्ज्ञ जवळपास सगळे अमेरिकी होते आणि त्यावर टीकाही झाली आहे. त्यांच्या मांडणीत हातोटी एकट्या माणसाच्या खिशात असते. आपल्याकडं ती दोघांच्या नात्यात असते, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. मग आपली मांडणी करावी. शंभर भाषा आणि हजार रीतींच्या देशात कच्चा माल कमी पडायचा नाही.

तोवर, नवी मुंबईतल्या नाहीतर आणखी कुठल्या विद्यापीठात मुलाला घेऊन चौकशीला जाल तेव्हा फी विचारा, डिग्रीचं विचारा, नोकरीचं विचारा. आणि उठता उठता आणखी एक विचारा: प्रोजेक्टचे गट कोण पाडतं? "मुलंच पाडतात, आम्ही त्यांना पूर्ण स्वातंत्र्य देतो," असं उत्तर आलं, तर चहा संपवा आणि म्हणा, "बघू."